दांडिया बाजार ते सुरसागर : चार महिन्यांचा प्रवास

आपल्या अंकात दरवर्षी प्रवासवर्णनं येतात. कुणी चारधाम करून येतं, कुणी युरोप, कुणी लेकीकडे अमेरिकेला. मी ज्या प्रवासाबद्दल लिहिणार आहे तो आमच्या दांडिया बाजारातल्या घराच्या ओसरीपासून सुरसागरच्या कठड्यापर्यंतचा आहे. बडोद्याच्या कुणालाही विचारा, तो म्हणेल, "एवढंसं अंतर! चहा गार व्हायच्या आत जाऊन याल." आम्हाला चार महिने लागले. सोबत शेंगू होता.

शेंगू म्हणजे आमचा कुत्रा, डॅक्सहुंड जातीचा. घरी आणला तेव्हा आजीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हे काय, शेवग्याची शेंग!" तेच नाव पडलं. पाय वीतभर, अंग हातभर. ही जात मूळची जर्मनीची. तिकडच्या भाषेत 'डॅक्स' म्हणजे बिज्जू आणि 'हुंड' म्हणजे कुत्रा. बिज्जूच्या बिळात शिरून त्याला बाहेर काढायचं, यासाठी ही बुटकी, लांबट कुत्री पैदा केली गेली. बडोद्यात बिज्जू नाही आणि बीळही नाही. शेंगूचं काम एकच, संध्याकाळी झोपाळ्यावर माझ्या शेजारी बसायचं आणि कुणी फाटक वाजवलं की उडी मारून धावायचं. ती उडी मीच त्याला शिकवली होती. पाहुणे आले की "शेंगू, उडी!" म्हणायचे, आणि सगळे हसायचे. ही गोष्ट पुढे मला फार टोचणार होती.

गौरींचं विसर्जन झालं त्या दिवशी तो झोपाळ्यावर चढायला तयार होईना. पाठ कमानीसारखी वर, अंगाला बारीक थरथर, उचलायला गेले तर कण्हला. मला वाटलं, मोदक खाऊन पोट बिघडलं असेल. ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनाही तसंच वाटलं आणि त्यांनी पोटाचं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेंगू पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत स्वयंपाकघरापर्यंत आला. मागचे दोन्ही पाय ओल्या कपड्यासारखे मागून फरफटत येत होते. शेपूटही हलत नव्हती. तोंडावर मात्र नेहमीचाच भाव होता, पोळीचा तुकडा कुठे आहे?

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी मागच्या पायाची बोटं हळूच चिमटली. पाय मागे आला. मी म्हटलं, "कळतंय त्याला!" ते म्हणाले, "थांबा. पाय आपोआप मागे येतो, त्याला मेंदू लागत नाही. त्याच्या तोंडाकडे बघा." मग त्यांनी बोटाचं हाड चिमट्याने जोरात दाबलं. शेंगू वळला, ओरडला आणि त्यांच्या हाताला चावायला गेला. डॉक्टर हसले. "हे चांगलं लक्षण आहे. खोलवरची वेदना अजून वर पोचतेय. पण आज संध्याकाळची उद्या सकाळ करू नका."

त्यांनी जे समजावून सांगितलं ते थोडक्यात असं. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते, बाहेरून चिवट आणि आत मऊ गर. माणसात आणि मोठ्या कुत्र्यांत हा गर हळूहळू म्हातारा होतो. आखूड पायांच्या कुत्र्यांत मात्र पाय आखूड करणाऱ्या आनुवंशिक बदलामुळेच चकतीतला गर तरुणपणीच सुकून चुन्यासारखा होतो. मग एखाद्या दिवशी चकती फुटते आणि तो कोरडा गर वर उसळून मज्जारज्जूवर आदळतो. उडी हे निमित्त असतं. चकती बहुतेकदा आधीपासूनच तयारीत असते. खोल वेदना शाबूत असेल तर शस्त्रक्रियेनंतर दहातली जवळजवळ नऊ कुत्री पुन्हा चालतात. ती गेली असेल तर हे प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणून घाई.

शस्त्रक्रिया अहमदाबादला होणार होती. खर्चाचा आकडा ऐकून बाबा गप्प झाले. त्या पैशांत नवी स्कूटर आली असती आणि जुनी स्कूटर खरोखरच बदलायला झाली होती. "कुत्र्यासाठी एवढे?" असं ते म्हणाले नाहीत, पण खोलीत सगळ्यांना ऐकू आलं. मी माझी बचत सांगितली. ती अर्ध्यालाही पुरत नव्हती. तेव्हा आजी देवघरातून म्हणाली, "स्कूटर थांबेल. हे थांबणार नाही." आणि निरांजनात तेल घालायला लागली. बाबा उठले आणि काकांना गाडीसाठी फोन केला.

पाठ हलू नये म्हणून शेंगूला सपाट फळीवर बांधून न्यायचं होतं. गणपतीच्या मखराची प्लायवूडची फळी दोन दिवसांपूर्वीच माळ्यावर गेली होती, ती खाली काढली. तिच्यावर अजून चमकी चिकटलेली होती. एक्सप्रेसवेने जाताना शेंगूच्या नाकालाही चमकी लागली. एमआरआय झाला. छातीचे तेरा मणके संपून कमरेचे सुरू होतात, नेमकी तिथली चकती फुटली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मणक्याच्या बाजूने हाडाला छोटी खिडकी पाडून आतला सगळा गर काढला. सर्जनबाईंनी तो मला डबीत दाखवला. चिमूटभर, ओल्या रांगोळीसारखा. एवढ्याशा वस्तूने चार पायांतले दोन बंद पडले होते.

चार दिवसांनी घरी सोडताना त्यांनी सांगितलं, "आमचं काम दोन तासांचं होतं. तुमचं सहा आठवड्यांचं आहे."

खरा प्रवास इथून सुरू झाला आणि त्याचा पहिला मुक्काम ओसरीतला पिंजरा होता. शेंगूला वळता येईल, पण पळता येणार नाही, एवढाच मोठा. जाड गादी, वर चादर. दर चार-पाच तासांनी कूस बदलायची, नाहीतर शय्याव्रण होतात. आणि दिवसातून तीन-चार वेळा लघवी काढायची. हे मला आधी समजलंच नव्हतं. मागचे पाय जातात तेव्हा मूत्राशयावरचा ताबाही जातो. ते भरून वाहायला लागलं म्हणजे कुत्र्याला लघवी झाली असा आपला समज होतो. पण आत साचलेलं तसंच राहतं, जंतुसंसर्ग होतो, मूत्राशय ताणून कायमचं निकामी होऊ शकतं. म्हणून पोटाच्या मागच्या भागात दोन्ही हातांनी चाचपून ते शोधायचं आणि एकसारखा दाब देऊन रिकामं करायचं.

रुग्णालयात मला ते जमलं होतं. घरी पहिल्या रात्री जमेना. मला सापडायचा तो कधी आतड्याचा भाग असायचा, कधी नुसतंच ताठ पोट. शेंगू माझ्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे. रात्रीचे दोन वाजले. मी रडायला लागले. आजी भिंत धरत बाहेर आली, माझ्या शेजारी खाली बसली. तिचे गुडघे असे की खाली बसली तर उठवायला दोन माणसं लागतात.

"हात गार आहेत तुझे," ती म्हणाली. "आधी चोळून ऊन कर. आणि घाबरून दाबू नकोस, त्याला कळतं. तो श्वास सोडतो ना, तेव्हा."

तिने माझे हात तिच्या हातांत घेऊन चोळले. मग माझ्या बोटांवर बोटं ठेवली. लिंबाएवढं काहीतरी गोल, ताणलेलं हाताला लागलं. वर्तमानपत्र भिजलं. आजी म्हणाली, "झालं. तीन वर्षं केलंय मी यांचं."

आजोबांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी दहावीला होते. ते आतल्या खोलीत असायचे. त्या खोलीला डेटॉलचा आणि आणखी कसला तरी वास यायचा. मी दारातूनच "आजोबा, जाते हं" म्हणून क्लासला पळायची. परीक्षा आहे, असं सगळ्यांना सांगितलं होतं. परीक्षा होती, पण तीन वर्षं परीक्षा नसते. त्या रात्री ओल्या वर्तमानपत्रावर बसून मला पहिल्यांदा कळलं की आत काय काय चाललेलं असायचं. मी आजीला तसं म्हणणार होते. पण ती म्हणाली, "आता मला उठव, पाय मेले."

दोन आठवड्यांनी टाके निघाले. व्यायाम त्याआधीच सुरू झाले होते. शेंगूला कुशीवर झोपवायचं, मागचा पाय हळूच दुमडायचा, सरळ करायचा. मग सायकल चालवल्यासारखा फिरवायचा. एका वेळी दहा-पंधरा, दिवसातून तीनदा. बोटांच्या मधल्या जागेत गुदगुल्या. पोटाखालून पट्टा घालून उभं करायचं. विकतचा पट्टा त्याच्या मापाला मोठा झाला, म्हणून आजीने ट्रंकेतून आजोबांचा पंचा काढला. तो मऊ होता आणि लांबीला बरोबर. आमच्या ओसरीची लादी गुळगुळीत, तिच्यावर शेंगूचे पाय बाजूला घसरायचे. म्हणून घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या सतरंज्या अंथरल्या. लग्नघरासारखी ओसरी दिसायला लागली.

घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी मी पंचा थोडा सैल सोडला आणि आजीने आकडे मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. शेंगू पाच आकडे स्वतःच्या चार पायांवर उभा राहिला आणि मग हळूच बसला. त्या रात्री गल्लीच्या टोकाला गरब्याची तालीम होती. मी गेले नाही, पण ओसरीत एकटीच दोन टाळ्या घेतल्या.

इथे माझी चूक सांगायला हवी. दसऱ्याला सकाळी बाबा फाफडा-जलेबी घेऊन आले, पाठोपाठ आपट्याची पानं घेऊन शेजारचे आले आणि मी पिंजऱ्याची कडी न लावता उठले. शेंगू बाहेर आला. सतरंजी संपली तिथे लादीवर घसरला आणि बेडकासारखा फतकल मारून पडला. रात्री पुन्हा पाठ कमान, पुन्हा थरथर. अहमदाबादला फोन केला. त्यांनी व्हिडिओ मागवला, पायांची बोटं कशी टेकतात ते विचारलं आणि म्हणाल्या, "पाय चालताहेत. स्नायू दुखावलाय. एक आठवडा जास्तीचा पिंजरा." त्या आठवड्यात मी कडी लावली की दोनदा ओढून बघायची. अजूनही बघते.

सक्तीची विश्रांती संपली तेव्हा दिवाळी आली होती. फटाक्यांत त्याला बाहेर नेण्यात अर्थ नव्हता. भाऊबीज उलटली, गल्ली शांत झाली आणि मग एका सकाळी मी त्याला उचलून ओट्याच्या तीन पायऱ्या उतरले आणि खाली ठेवलं. डॉक्टरांचं कोष्टक होतं : पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. मग दर आठवड्याला थोडी थोडी वाढ. पळायचं नाही. गळ्यात पट्टा नाही, छातीला हार्नेस. पोटाखाली पंचा.

पाच मिनिटांत आम्ही शेजारच्या ओट्यापर्यंत पोचलो.

मी या गल्लीत जन्मले, पण ती मी स्कूटरवरूनच पाहिली होती. शेंगूच्या वेगाने गेलं की ती वेगळीच निघते. एका घराला लाकडी खांब आहेत, त्यांच्या कोरीव पोपटांना कुणीतरी ऑइलपेंट फासलाय. एका दारावर मराठी नावाची पितळी पाटी आहे, पण आत आता कुरियरचं गोदाम आहे. ते कुटुंब मांजलपूरला फ्लॅटमध्ये गेलं, पाटी काढायची राहिली. गायकवाडांचं राज्य इथे अठराव्या शतकात आलं. त्यांच्यामागे कारकून, शिलेदार, भटजी, शिक्षक आले आणि त्यातलेच आम्ही. १९४९ साली संस्थान विलीन झालं, १९६० साली गुजरात राज्य झालं, तरी आम्ही इथेच. घरात 'खिडकी बंद कर' म्हणतो, गल्लीत 'बारी बंध करो', आणि सेव-उसळ कुणाची यावर दोन्ही भाषांत भांडतो.

दुसऱ्या आठवड्यात शेंगूला सगळी गल्ली ओळखायला लागली. समोरच्या मासी रोज विचारायच्या, "केम छे शेंगू? आजे केटलुं चाल्यो?" सल्ले भरपूर मिळाले. कुणी म्हणालं मोहरीच्या तेलाने पाठ रगडा, कुणी हाड बसवणाऱ्याचा पत्ता दिला, एकांनी माणसांची दुखण्याची गोळी पाव करून द्या म्हणून सांगितलं. मी सगळ्यांना 'हो' म्हणायचे आणि काहीच करायचे नाही. पाठ रगडायची नाही, हे मला सर्जनबाईंनी बजावलं होतं. आणि आपल्या घरातल्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्यांना विषासारख्या ठरू शकतात. आयबुप्रोफेनने तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंड जातं. मुलांनो, तुमच्याकडे कुत्रा असेल तर एवढं एक लक्षात ठेवा.

तिसऱ्या आठवड्यात गल्ली संपली आणि मोठा रस्ता आला. इथे अडचण वेगळी. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या हद्दी असतात आणि लंगडणारा परका कुत्रा त्यांना लांबूनच कळतो. मी एका हातात पंचा आणि दुसऱ्या हातात बाबांची जुनी छत्री घेऊन निघायचे. छत्री एकदाच उघडावी लागली. मग एक भुरी कुत्री आमच्या मागे दहा पावलं अंतर ठेवून यायला लागली. ती कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. का, ते मला कळलेलं नाही.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात संगीत महाविद्यालय. उस्ताद मौलाबक्षांनी १८८६ साली इथे गायनशाळा सुरू केली, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने. आजीची थोरली बहीण तिथे शिकली होती. सकाळी रियाझ चालू असतो. आम्ही भिंतीशी विसाव्याला थांबायचो, आत कुणीतरी तबल्यावर तोच तो कायदा पुन्हा पुन्हा घोटत असायचं. चुकायचं, परत पहिल्यापासून. शेंगूचा डावा मागचा पाय तेव्हा अजून उलटा पडायचा, पंजाचा वरचा भाग जमिनीला घासायचा. मी वाकून सरळ करायची. पुन्हा उलटा. पुन्हा सरळ. दोन्हीकडे एकच काम चाललेलं होतं.

डिसेंबरच्या शेवटी पंचा काढला. आधी तो पोटाखाली होता पण सैल होता, हे मला चार दिवसांनी ध्यानात आलं होतं. मी त्याला धरलंय असं मला वाटत होतं आणि तो आपला चालत होता.

सुरसागरला आम्ही भोगीच्या दिवशी पोचलो. उत्तरायणाच्या आधी पोचायचंच होतं, कारण नंतर आठ दिवस रस्त्यांवर मांज्याचे तुकडे पडलेले असतात आणि ते पंजे कापतात. बडोद्यात पतंगाचा जोर केवढा असतो, ते तुम्हाला सांगायला नको. सकाळची वेळ होती, पाण्यावर धुकं, मधोमध महादेवाची ती उंच मूर्ती कंबरेपर्यंतच दिसत होती. लहानपणी आजोबा मला इथे आणायचे. कठड्यावर उभं करून मागून घट्ट धरायचे. तलावाचं जुनं नाव चंदन तलाव, हे त्यांनीच सांगितलं होतं. शेंगूने कठड्याचा वास घेतला, पाय वर करायचा प्रयत्न केला, तोल गेला, बसला. मग तसाच बसून त्याने आपलं काम उरकलं. स्वतःच्या इच्छेने. माझ्या हातांशिवाय. समोरून जाणाऱ्या आजोबांनी नाक मुरडलं. मला त्यांना पेढे द्यावेसे वाटले.

शेंगू पूर्ण बरा झाला, असं मी लिहिणार नाही. डावा पाय थोडा फिरवून टाकतो आणि दमला की त्या पायाची नखं जमिनीवर खर्र वाजतात. तो आवाज आला की आम्ही परत फिरतो. डॅक्सहुंडची एक चकती फुटली म्हणजे बाकीच्याही तशाच सुकलेल्या असतात, तेव्हा पुन्हा होऊ शकतं. म्हणून आता वजन आटोक्यात, जिना बंद, पलंगाला उतरंड आणि झोपाळ्यावर बसायचं तर मी उचलून घेते, मीच खाली ठेवते. पाहुणे अजून म्हणतात, "शेंगू, उडी!" मी म्हणते, "तो रिटायर झालाय."

ज्यांच्या घरी बुटक्या पायांचं कुत्रं आहे त्यांना माझं सांगणं एवढंच. पाठीची कमान, थरथर, उचलल्यावर कण्हणं, पायरी चढायला नकार, हे पोटदुखीसारखं दिसतं, पण पाठ असू शकते. पाय अडखळायला लागले तर रात्र जाऊ देऊ नका. सपाट फळीवर घ्या आणि निघा. फळी नसेल तर मखराची चालते.

त्या दिवशी परतताना शेवटची थोडी वाट मी त्याला कडेवर घेतलं. कोष्टकातली मिनिटं संपली होती. घरी आजी चुलीपाशी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या थापत होती. तिने न वळताच विचारलं, "कुठवर?"

"सुरसागर."

तिचे हात क्षणभर थांबले. मग तिने गरम भाकरीचा कोपरा मोडला, फुंकर घालून निववला आणि खाली धरला. शेंगू सतरंजीवरून चालत तिच्यापर्यंत गेला. आजोबांचा पंचा मी धुऊन दोरीवर टाकला होता. आजी म्हणाली, "वाळला की घडी करून ट्रंकेत ठेव. वरच ठेव, लागेल."